पुट्टीखालचा गंज आणि गुरुजींची पद्मिनी

वाहन ही ज्याच्या-त्याच्या ऐपतीची बाब आहे, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. आपल्या समाजाच्या बाबतीत मात्र ही गोष्ट केवळ ऐपतीवर संपत नाही. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहानग्या भीमरावाला आणि त्याच्या भावंडांना बैलगाडी मिळता मिळेना. अखेर एका गाडीवानाने दुप्पट भाडे घेतले आणि बैल हाकायचे काम मुलांवरच सोपवले. पुढे १९२९ साली, परदेशातील मोठमोठ्या पदव्या मिळवून आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना चाळीसगावात टांगेवाल्यांनी टांगा हाकायला नकार दिला. मग महारवाड्यातल्या, कधी टांगा न हाकलेल्या माणसाने लगाम हाती घेतला. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. हे दोन्ही प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहेत.

ज्या समाजाच्या नेत्याला भाड्याच्या टांग्यातही बसू दिले जात नव्हते, त्या समाजाच्या वस्तीत जेव्हा पहिली मोटारगाडी येते, तेव्हा तिची किंमत शोरूमच्या पावतीवर मावत नाही. अशाच एका गाडीची, तिच्या गंजलेल्या पत्र्याची आणि तो पत्रा दुरुस्त करणाऱ्या हातांची ही हकीकत आहे. ती सांगताना कामाची थोडी माहितीही आम्ही देणार आहोत. ज्यांच्या अंगणात अशी एखादी जुनी गाडी उभी आहे, त्यांना ती उपयोगी पडेल. ज्यांच्या घरात बारावीनंतर रिकामा बसलेला मुलगा आहे, त्यांनी तर ती जरूर वाचावी.

वस्तीची पहिली गाडी

अमरावतीतील आमच्या वस्तीत जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी राहतात. त्यांनी १९८६ साली अकोल्याच्या एका डॉक्टरांकडून जुनी प्रीमियर पद्मिनी विकत घेतली. गाडीची पहिली नोंदणी १९७४ ची. मूळ इटलीच्या फियाट ११०० या गाडीचे हे भारतीय रूप मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. १९७२ च्या सुमारास तिचे नाव प्रीमियर प्रेसिडेंट झाले आणि १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी. १०८९ सी.सी.चे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांडीवर गिअर. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे ही गाडी देशभर ओळखीची झाली. मुंबईतील अशी शेवटची टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिची बातमी केली होती.

गुरुजींची गाडी टॅक्सी नव्हती. पण वस्तीत कोणाकडेही मंगल परिणय असला की गाडी धुऊनपुसून तयार. ज्या खेड्यांत आपला नवरदेव घोड्यावर बसला तर गावाच्या कपाळावर आठ्या पडत, त्या खेड्यांत आपले नवरदेव या गाडीत बसून मुख्य रस्त्याने गेले. बाळंतीण बाई दवाखान्यात नेणे, परीक्षेला उशीर झालेल्या पोराला केंद्रावर सोडणे, वर्षावासात भन्तेजींना एका विहारातून दुसऱ्या विहारात पोचवणे, ही सगळी कामे तिने केली. नामांतराच्या लढ्यात माणसे अमरावतीहून अकोल्याला आणि अकोल्याहून पुढे नेली. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्या रात्री याच गाडीच्या टपावर पोरांनी निळा झेंडा बांधला होता.

पुढे गुरुजींचे गुडघे दुखू लागले, मुले नोकरीनिमित्त पुण्याला गेली आणि गाडी कडुनिंबाखाली उभी राहिली. सुमारे अठरा पावसाळे ती तशीच उभी होती. मग नातीचे लग्न ठरले. नात परिचारिका आहे. ती म्हणाली, ''आबा, मला आपल्याच गाडीतून जायचं आहे.'' आणि इथून कामाला सुरुवात झाली.

गंज लपतो कोठे?

लोखंडाला पाणी आणि प्राणवायू एकत्र मिळाले की गंज चढतो, हे आपण शाळेत शिकलो. वऱ्हाडाची हवा वर्षातले आठ महिने कोरडी असते. कोकणातल्या गाड्या जशा सडतात, तशा आपल्याकडच्या सडत नाहीत. म्हणून आपण निर्धास्त असतो. पण आपल्याकडे गंजाला मदत करणाऱ्या दोन गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे काळी माती. पावसाळ्यात ही चिकट माती मडगार्डच्या आत, फुटबोर्डच्या खाली थापली जाते आणि वरून कोरडी दिसली तरी आत ओल धरून ठेवते. पाऊस सप्टेंबरात संपला तरी त्या मातीमागचा पत्रा दिवाळीपर्यंत ओलाच असतो. दुसरी म्हणजे खारे पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर अशा तालुक्यांतून पसरला आहे. तिथल्या विहिरीचे, बोअरचे पाणी पिकालाही सोसत नाही. त्या पाण्याने वर्षानुवर्षे गाडी धुतली तर क्षार सांध्यांत साचतात. क्षाराचे पाणी वीज अधिक चांगली वाहून नेते आणि गंजणे ही मुळात विजेच्या बारीक प्रवाहाचीच क्रिया असल्यामुळे काम झपाट्याने होते. गुरुजींच्या गाडीच्या पहिल्या मालकाचे शेत याच पट्ट्यात होते.

तिसरे कारण आपल्या हातचे असते. कडुनिंबाची पाने समोरच्या काचेखालच्या खाचेत पडून कुजतात, पाणी बाहेर जाण्याची बारीक भोके बुजतात आणि पाणी आतल्या आत मुरते. दरवाज्याच्या तळाशी, डिक्कीच्या कडेला, बॅटरीच्या खालच्या पत्र्यात हाच प्रकार होतो. मोटारीचा पत्रा बाहेरून क्वचितच गंजतो. तो आतून खात येतो. बाहेर रंगाला फोड दिसतो, तेव्हा आतला पत्रा बहुधा संपलेलाच असतो.

पंधरा दिवस की चार महिने?

लग्नाला अडीच महिने होते. पहिल्या गॅरेजवाल्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि सांगितले, ''पंधरा दिवसांत चकाचक करून देतो.'' त्याचा बेत सरळ होता. भोकांवर पत्र्याच्या पट्ट्या रिव्हेटने बसवायच्या, वर पुट्टी भरायची, घासायची आणि रंग मारायचा. लग्नाच्या फोटोत गाडी नव्यासारखी दिसली असती.

गुरुजींनी आम्हाला बरोबर घेऊन दुसरे मत घ्यायचे ठरवले. बडनेरा रस्त्याकडच्या एका जुन्या गॅरेजमधील उस्तादांनी चाळीस वर्षे पत्राकाम केले आहे. त्यांनी आधी खिशातून कापडात गुंडाळलेले एक लहान लोहचुंबक काढले आणि गाडीच्या अंगावरून फिरवू लागले. पत्रा असेल तिथे ते चिकटे. जिथे जाड पुट्टी होती तिथून ते घसरून पडे. मागच्या दोन्ही मडगार्डवर आणि डाव्या फुटबोर्डवर ते ठरलेच नाही. मग त्यांनी फुटबोर्ड स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत नेला. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्याचा बद्द. एका ठिकाणी त्यांनी टोक टेकवले आणि ते सरळ आत गेले. अंधार पडल्यावर आतून बॅटरी लावून दाखवली. बाहेरून पाहताना तळाच्या पत्र्यात चांदण्या दिसत होत्या.

उस्ताद म्हणाले, ''गुरुजी, ये गाडी पत्रे पे नहीं, पुट्टी पे खडी है.''

मग त्यांनी जे समजावले, ते प्रत्येक जुन्या गाडीवाल्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. जुन्या जीपला खाली स्वतंत्र लोखंडी चासी असते. तिचा वरचा पत्रा सडला तरी सांगाडा शाबूत राहतो. पद्मिनी आणि अॅम्बेसेडर यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना वेगळी चासी नाही. तळ, फुटबोर्डची पोकळ पेटी, खांब आणि छत मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. दरवाज्याखालची ती पोकळ पेटी म्हणजे घराच्या तुळईसारखी. ती सडली तर गाडी मधोमध वाकते, दरवाजे घासू लागतात, आणि अपघातात आतल्या माणसांना आधार राहत नाही. अशा जागी पुट्टी भरणे म्हणजे किडलेल्या तुळईला चुना फासणे.

काम नीट करायचे तर चार महिने लागतील, असे ते म्हणाले. म्हणजे लग्नाला गाडी मिळणार नाही.

गुरुजी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकूंनीच प्रश्न सोडवला. त्या म्हणाल्या, ''पोरगी एक दिवस बसणार अन् गाडी उद्या कोण्या लेकराले घेऊन वाकली म्हणजे? फोटोपायी खोटं काम नाई करायचं.'' नातीचे डोळे भरले, पण तिने मान डोलावली. ती भाड्याच्या गाडीने गेली. त्या वेळी पद्मिनी गॅरेजमध्ये लाकडी ठोकळ्यांवर उभी होती आणि तिचा डावा फुटबोर्ड कापलेला होता.

कापण्यापूर्वी

घाईने ग्राइंडर लावला तर चांगली गाडीही कायमची वाकडी होते. उस्तादांनी पाळलेला क्रम आम्ही येथे देतो.

सर्वांत आधी बॅटरीची वायर काढली. मग पेट्रोलची टाकी व नळ्या उतरवून दूर ठेवल्या. रिकामी टाकी अधिक धोक्याची, कारण आत पेट्रोलची वाफ असते. टाकीजवळ वेल्डिंगची ठिणगी म्हणजे स्फोटाला आमंत्रण. आसने, गालिचे, रबर, वायरिंग सर्व काढून प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधली. वाळूची बादली आणि आग विझवण्याचे नळकांडे हाताशी ठेवले.

नंतर गाडी सपाट जमिनीवर ठोकळ्यांनी समपातळीत उचलली. दरवाजे आणि खांब यांच्यातील फटी मोजून वहीत लिहिल्या. दरवाज्याच्या चौकटीत आतून लोखंडी आडवी पट्टी तात्पुरती जोडली, म्हणजे खालची पेटी कापल्यावर चौकट मिटणार नाही. आणि मुख्य नियम असा, की दोन्ही बाजू एकदम कापायच्या नाहीत. एक बाजू पूर्ण जोडून फटी पुन्हा मोजायच्या, मगच दुसऱ्या बाजूला हात लावायचा.

ठिगळ नव्हे, नवा पत्रा

सडलेला भाग कापताना हात आखडता घेऊ नये. भोक रुपयाएवढे दिसले तरी त्याच्याभोवतीचा पत्रा पातळ झालेला असतो. चकचकीत, पूर्ण जाडीचे लोखंड लागेपर्यंत कापत जावे लागते. उस्ताद कापत होते आणि गुरुजी बाजूला खुर्चीवर बसून पाहत होते. तळहाताएवढे वाटलेले छिद्र संध्याकाळी हातभर झाले होते.

मग खाकी पुठ्ठ्याचा नमुना काढला. पुठ्ठा वाकवून, कापून गाडीवर बसवायचा आणि तो तंतोतंत बसला की त्यावरून पत्रा कापायचा. पत्रा २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीचा साधा सी.आर. पत्रा घेतला. जस्त चढवलेला पत्रा गंजत नाही म्हणून काहीजण तो वापरतात, पण वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो आणि त्याने कामगाराला थंडी वाजून ताप भरतो. तुकड्याचे कोपरे टोकदार न ठेवता गोल ठेवले, कारण टोकदार कोपऱ्यापासून पुढे चीर जाते.

तुकडा जुन्या पत्र्यावर चढवून जोडला तर दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी साठते आणि पाचच वर्षांत त्याच जागी गंज परत येतो. म्हणून बाहेरच्या भागात कडेला कड भिडवून सांधा केला. जिथे पत्र्यावर पत्रा येणे मूळ बांधणीतच होते, तिथे आतून जस्ताचा प्रायमर लावून मगच जोडले.

गॅस वेल्डिंगची ज्योत पत्र्याचा मोठा भाग तापवते आणि पातळ पत्रा लाटांसारखा उठतो. आपल्याकडील गॅरेजमध्ये ज्याला सीओटू वेल्डिंग म्हणतात, त्याने उष्णता कमी जागेत राहते. तरीही सलग रेघ ओढायची नसते. आधी दूरदूर टाके, एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला. तो थंड होईपर्यंत थांबायचे, मग दोन टाक्यांच्या मध्ये पुढचा. ओला कपडा लावून घाईने थंड केले तर पत्रा आखडतो. फुटबोर्डच्या एका लांब सांध्याला अख्खा दिवस लागला. शेवटी हातोडा आणि आतून धरलेली डॉली यांच्या मदतीने पत्रा सपाट केला.

जिथे पत्रा खाल्लेला नव्हता, नुसता लाल झाला होता, तिथे तारेच्या ब्रशने गंज खरवडला आणि फॉस्फरिक आम्लाचे द्रावण लावले. ते उरलेल्या गंजाचे रूपांतर टिकाऊ थरात करते. पण भोक पडलेल्या पत्र्यावर याचा काही उपयोग नाही. औषधाने जखम भरते, गेलेले बोट परत येत नाही.

पुट्टीची जागा

एवढे वाचून पुट्टी वाईट, असे कोणी समजू नये. पुट्टीचे काम फक्त हातोड्याचे बारीक व्रण भरण्याचे आहे. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर नको. तिच्या खाली आधी इपॉक्सी प्रायमर हवा, कारण पुट्टी स्वतः ओल शोषते. सांध्यांवर सीलर हवा. रंग झाल्यावर फुटबोर्डच्या पोकळ पेटीत, दरवाज्यांच्या आत मेणाचे द्रावण फवारायचे, म्हणजे जिथे ब्रश पोचत नाही तिथेही पत्र्याला आवरण मिळते. आणि पाणी निघून जाण्याची भोके उघडी राहिली पाहिजेत. नव्या रंगाच्या हौसेत ती बुजवली, तर सारा खर्च पाण्यात गेला असे समजा.

ज्या हातांनी काम होते

या गॅरेजमध्ये आमच्या वस्तीतला एक मुलगा शिकतो. बारावीत तो राहिला आणि दोन वर्षे घरी होता. वडील एका कार्यालयात शिपाई. पोराने कागदावर सही करून पगार घ्यावा, एवढीच त्यांची इच्छा. ''आमच्या बापजाद्यांनं हात काळे केले, आता पोरानंही करायचे का?'' असे त्यांनी आम्हाला विचारले होते. त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. ज्या समाजावर मेलेली जनावरे ओढण्याचे काम लादले गेले, त्या समाजातील बापाला हाताच्या कामाची धास्ती वाटली तर त्याला दोष कोण देणार?

पण लादलेले काम आणि शिकून मिळवलेले कसब, यांत फरक आहे. बाबासाहेबांचा विरोध होता तो जन्मावरून काम ठरवण्याला, हातांना नव्हे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांचे तांत्रिक प्रशिक्षण आणि रोजगार विनिमय केंद्रे हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या तांत्रिक शिक्षणासाठी सरकारी मदत मागितली होती. आपल्या मुलांनी यंत्रापासून दूर राहावे, असे त्यांना वाटले असते तर त्यांनी हा आग्रह कशाला धरला असता?

उस्ताद मुसलमान, शिकणारा मुलगा बौद्ध, रंगारी तेली समाजाचा आणि शेजारचा लेथवाला सुतार. या गॅरेजमध्ये ज्याचा टाका सरळ, तो मोठा. आज तो मुलगा पुठ्ठ्याचा नमुना उस्तादांपेक्षा चांगला काढतो, कारण त्याला भूमिती येते. गुरुजींच्या गाडीच्या उजव्या फुटबोर्डचा सांधा त्याने स्वतः केला. उस्तादांनी तो नखाने तपासला आणि काही न बोलता पुढच्या कामाचा पत्रा त्याच्या हाती दिला.

एक गोष्ट मात्र आम्ही स्पष्टपणे लिहितो. या धंद्यात कामगाराच्या शरीराची हेळसांड फार होते. जुन्या रंगात शिसे असते आणि तो कोरडा घासला की धूळ छातीत जाते. टू-के रंगातील कडक करणाऱ्या द्रव्याने दम्याचा कायमचा विकार होऊ शकतो. साध्या रुमालाने त्याची वाफ अडत नाही, योग्य गाळणी असलेला मुखवटा लागतो. वेल्डिंगला काळी काच, ग्राइंडरला चष्मा, हाताला चामड्याचे मोजे, हे मालकाने द्यायचे असते. मुलाला गॅरेजमध्ये ठेवताना पालकांनी पगाराआधी हे विचारावे. आम्ही आग्रह धरला तेव्हा गुरुजींनी मुखवट्यांचे पैसे गाडीच्या खर्चात धरले.

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर टाकण्यात आला आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. त्या कामावर सातशेहून अधिक माणसे खपली. विक्रमाचे प्रमाणपत्र सर्वांनी पाहिले, तापलेल्या डांबराशेजारची ती माणसे किती जणांनी पाहिली? चकचकीत रंग पाहताना त्याखालचा हात आठवावा, एवढेच आमचे म्हणणे.

वही आणि कागद

कारकुनी पेशामुळे आम्हाला वहीची सवय आहे, म्हणून या कामाची वही आमच्याकडे आली. प्रत्येकाने अशी वही ठेवावी. पान एक : कोणता भाग, कापण्याआधीचा फोटो, कापल्यावरचा, जोडल्यावरचा. पान दोन : साहित्य आणि पावती. पान तीन : मजुरी, दिलेली आणि बाकी. मजुरी रोजावर न ठरवता भागावर ठरवावी, पण आत जास्त गंज निघाला तर दर बदलेल, हेही आधीच लिहून ठेवावे. यामुळे मालक आणि कारागीर यांची भांडणे टळतात. दरवाजे, दिवे, पट्ट्या असे जुने भाग मुंबईत कुर्ल्याला किंवा दिल्लीच्या मायापुरीत भंगारात मिळतात. त्यांचीही आधी लोहचुंबकाने परीक्षा करावी.

या फोटोंचा आणखी एक उपयोग आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या ऐतिहासिक वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे होऊन गेलेली, मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यांत येतात. चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल केलेला चालत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये ठरवण्यात आले. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती, इंधन एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येते. रोज वापरायची असेल तर नेहमीच्या पद्धतीने नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. कोणता मार्ग घ्यायचा, हे आपल्या परिवहन कार्यालयात विचारून मगच ठरवावे, कारण शुल्क आणि नियम बदलत असतात. गुरुजींचे कागद सध्या तिथेच आहेत. ते येईपर्यंत गाडी अंगणाबाहेर काढायची नाही, असा गुरुजींचा नियम आहे. कायदा करणाऱ्याची जयंती साजरी करायची आणि बिनकागदाची गाडी पळवायची, हे त्यांना मान्य नाही.

मलवग्गातला दृष्टान्त

धम्मपदाच्या अठराव्या वर्गाचे नाव मलवग्ग. त्यात तथागतांनी माणसाच्या दुष्कृत्यांसाठी लोखंडाच्या गंजाचा दृष्टान्त दिला आहे. त्याच वर्गात चांदीतला मळ थोडा थोडा करून काढणाऱ्या कारागिराचाही दृष्टान्त येतो. गंज बाहेरून कोणी आणून लावत नाही, आणि तो एका दिवसात निघतही नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांनी धम्म समजावण्यासाठी धातूवर काम करणाऱ्या माणसाचे उदाहरण घेतले, हे आपल्या तरुणांना आम्ही मुद्दाम सांगू इच्छितो.

आपल्या घराघरांतही पुट्टीची कामे पुष्कळ चालतात. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आणि हुंड्याची बोलणी भिंतीआड. जयंतीला मोठा डीजे आणि विहारातल्या वाचनालयाला कुलूप. वरून रंग ताजा, आत बद्द आवाज. अशा वेळी काकूंसारखे कोणीतरी घरात हवे, जे म्हणेल की फोटोपायी खोटे काम करायचे नाही.

पालकांना आमची विनंती एवढीच आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून वेल्डर, शीट मेटल वर्कर, मोटार मेकॅनिक हे अभ्यासक्रम चालतात, मोटारीच्या बॉडी दुरुस्तीचा आणि रंगकामाचाही वेगळा अभ्यासक्रम आहे. आपल्या जवळच्या संस्थेत यांपैकी कोणते आहेत, याची प्रवेशाच्या दिवसांत चौकशी करावी. शिकाऊ उमेदवारीसाठी १९६१ चा कायदा आहे आणि त्यात विद्यावेतनाची तरतूद आहे. मुलींनाही यांपैकी कोणतेही शिक्षण घेता येते. नोकरीची परीक्षा जरूर द्यावी, पण निकालाची वाट पाहत पाच वर्षे ओट्यावर घालवू नयेत. ज्याच्या हातात कसब आहे, त्याला कोणी टांग्यातून उतरवू शकत नाही. तो स्वतःच टांगा बांधतो.

शिपाईकाकांनी परवा मुलाच्या कामाची जागा पहिल्यांदाच पाहिली. गुरुजींनी त्यांना पद्मिनीपाशी नेले आणि उजव्या फुटबोर्डवरून हात फिरवायला सांगितले. त्यांनी दोनदा हात फिरवला. सांधा कोठे आहे, हे त्यांना सापडले नाही. ते म्हणाले, ''गुरुजी, येथं तर काहीच नाई लागत हाताले.''

''त्यालेच काम म्हन्तात,'' गुरुजी म्हणाले.

जयभीम!